वातानुकूलन आणि ओल

घरोघरी गारवा देणारी ही विद्या प्रथम कामी आली ती कागदाच्या. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आक्रसे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागा सोडीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील ओल काढून घेण्याची योजना आखली.

पुढे यंत्र खिडकीत बसले, पण त्याची घरघरही घरात आली. १९६१ साली जपानात तोशिबा कंपनीने त्याचे दोन भाग केले. गोंगाट करणारा कॉम्प्रेसर बाहेर गेला, शांत भाग आत राहिला, आणि दोहोंना तांब्याच्या नळ्यांनी जोडले. मात्र जे सांधे पूर्वी कारखान्यातच बंद होत, ते आता भिंतीपाशी जोडावे लागले.

हे यंत्र स्वहस्ते बसविणाऱ्याने म्हणून एवढे ध्यानी ठेवावे: भिंतीस भोक पाडणे सोपे, सांधे जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल ओढून घेणे आणि निर्वात स्थिती टिकते का, हे मापकावर पाहणे, हे खरे काम. वायूची झडप त्यानंतरच उघडावी. आत राहिलेल्या ओलीने आम्ल बनते व ते कॉम्प्रेसर पोखरते. जिला घालविण्यासाठी ही विद्या निघाली, ती ओल आपणच आत कोंडू नये.