बाळगोळी : वऱ्हाडच्या व्यसनेतिहासातील एक पान

व्यसनांचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपण गुत्त्यापासून आरंभ करतो. बुलढाणा जिल्ह्यापुरता तो पाळण्यापासून आरंभावा लागेल. पाळणा तरी कसला! कापसाच्या बांधावर बाभळीच्या फांदीला टांगलेली लुगड्याची झोळी. वेचणीला जाण्यापूर्वी आई तान्ह्याच्या जिभेवर अफूची बाळगोळी ठेवी आणि मूल तासन् तास निपचित पडे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकन यादवीने कापसाचा भाव चढला, खामगावची पेठ नावारूपास आली, १८७० मध्ये तेथवर लोहमार्गही पोहोचला. बाळगोळी काही कापसाने आणली नाही. खानदेश-वऱ्हाडात ती घरोघरच्या बटव्यात होतीच. परंतु रोजाने वेचणाऱ्या बाईला रडते मूल परवडत नव्हते, हे विसरून तिला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

गोळी करी काय? अफूतील मॉर्फिन मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. तान्ह्याचे कोवळे यकृत ते लवकर निकालात काढू शकत नाही. मात्रा किंचित चुकली तर झोपेतच श्वास थांबे. न चुकली तरी भूक मरे, पोट बांधले जाई, मूल दूध मागेनासे होई. गोळी बंद करावी तर ते तळमळे, त्याला जुलाब होत. आई पुन्हा गोळी देई. ज्याला बोलता येत नाही असा हा व्यसनी!

सरकारने १८९३ मध्ये दोन आयोग नेमले. भांग-गांजाच्या आयोगाने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ११९३ साक्षी घेतल्या. आमच्या उत्तर सीमेपलीकडील निमाडात, खंडव्याकडे, तेव्हा सरकारी देखरेखीखाली गांजा पिके. नर झाडे फुलण्यापूर्वी उपटून टाकीत, म्हणजे मादीच्या शेंड्यांत बी न धरता राळ भरे. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अफू आयोगाने १८९५ मध्ये अहवाल दिला. दोन्ही आयोगांचा कौल बंदीविरुद्धच पडला. अफूचे उत्पन्न खजिन्यात येत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे नवल वाटत नाही. कित्येक मिशनऱ्यांनी बंदीचा आग्रह धरला. तो विफल ठरला.

औषधाव्यतिरिक्त अफू दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले ते स्वतंत्र भारतात, १९४९ साली. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने शिक्षा कडक केल्या. गांजा व चरस त्यात आले, नुसत्या पानांची भांग वगळली गेली. दारू व तंबाखू तर त्या कायद्याबाहेरच. आणि सर्वाधिक घरे त्यांनीच बसविली. वेदीवर द्राक्षारस अर्पण करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी येथे बोट दाखविताना जपावे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यास 'कृपा फाउंडेशन' काढले ते व्यसनाला रोग मानून, पापाचा पाढा वाचून नव्हे.

बाळगोळी गेली, तिची गरज गेली नाही. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन हा अफूचाच घटक असून शरीरात त्याचे अंशतः मॉर्फिन होते. सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामीनने मुले पेंगतात. फेनिलेफ्रिनबरोबरचे त्याचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. गतवर्षी वेचणीच्या दिवसांत एका आईला बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे मी वाचून दाखविली. ती म्हणाली, "फादर, मंग पोराले ठेवू कोठी?" गावची अंगणवाडी दुपारी बंद होते, वेचणी सांजेपर्यंत चालते.