वर्गणीची रंगभूमी आणि उघडी वही



आपल्या या किनाऱ्यावर शिमगा झाला की गावकीची बैठक भरते. घरोघर किती वर्गणी जमली, ढोल मढवायला किती गेले, दिवाबत्तीला किती, आणि शिल्लक किती उरली, हे सर्व वाचून दाखवावे लागते. चार आण्यांचा मेळ बसला नाही तर त्यावर तासभर भांडण होते. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरवर फार दूरचा वाटेल. परंतु त्याचे मूळ मला या बैठकीतच दिसते. विषय आहे नृत्यनाट्याचा, म्हणजे ज्याला शहरात बॅले म्हणतात त्याचा. आणि लोकांच्या पैशावर चाललेल्या नृत्यमंडळीचा.

बॅले हा मुळात राजदरबारचा लाडका. रशियात झारच्या खजिन्यातून नर्तकांना पगार मिळे. याचे कारण उघड आहे. वीस-पंचवीस माणसांनी महिनोन्‌महिने अंग मोडून तालीम करायची, आणि त्या काळात तिकिटाचा एक पैसाही यायचा नाही. मग पोटाची सोय कोणी करायची?

आपल्या नाटकमंडळ्यांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने शोधली. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. नाट्यगृहे ओसंडून वाहत असत. तरीही पुढे मंडळीवरील कर्जाचा आकडा लाखाच्या वर गेल्याचे बाहेर आले, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. गाण्यावर प्राण टाकणाऱ्या रसिकांना त्या वहीत काय आहे हे कधी कळलेच नव्हते. उलट 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पैसा कुठे जाणार हे आधीच जाहीर असले म्हणजे माणूस तिकिटाला हात आखडत नाही, हे त्या रात्री दिसले.

हीच गोष्ट नृत्याच्या बाबतीत घडली ती बंगालच्या दुष्काळानंतर. 1943 साली मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे ‘इप्टा’, स्थापन झाली. दुष्काळपीडितांसाठी बंगालचे कलापथक गात-नाचत गावोगाव फिरले आणि त्याच्या यशातून 1944 साली अंधेरीस मध्यवर्ती पथक उभे राहिले. नृत्याची धुरा होती शांती बर्धन यांच्याकडे. उदयशंकरांच्या अलमोड्याच्या केंद्रात काम केलेला हा कलावंत. पथकातील मुले-मुली एकाच घरात राहत, एका चुलीवरचे जेवत आणि निर्वाहापुरते पैसे घेत. तेथे ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये बसली. दुसऱ्याचे संगीत रविशंकरांचे. तेही त्या वेळी पंचविशीतले तरुणच होते!

परंतु येथे एक काटा होता, तो झाकून ठेवणे बरे नव्हे. पथकामागे कम्युनिस्ट पक्षाचे बळ होते. आणि जो शिधा पुरवतो तो पानात काय वाढावे हेही सांगू लागतो. कलावंतांना ते जाचू लागले. रविशंकर व इतर काहीजण बाहेर पडले आणि 1947 च्या सुमारास पथक मोडले. राजा जाऊन पक्ष आला एवढ्याने नर्तक मोकळा होत नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई परिषदेत नेहरूंच्या ग्रंथावरील ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे नृत्यनाट्य झाले, ते इंडियन नॅशनल थिएटरच्या आधाराने.

शांती बर्धन मात्र क्षयाने खचले. अशा अवस्थेत या माणसाने 1952 साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढली. सोबत होत्या गुल बर्धन आणि मूठभर सहकारी. 1953 साली त्यांनी ‘रामायण’ आणले. कल्पना अशी, की जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागला आहे, आणि त्या बाहुल्या म्हणजे जिवंत नर्तक! चेहऱ्यावर मुखवटा, सांधे ताठ, आणि मान वळते तीही दोरीने ओढल्यासारखी. जत्रेतला खेळ पाहिलेल्या कुणालाही ते समजावून सांगावे लागत नसे. मला यात शांती बर्धनांचे खरे शहाणपण दिसते. ज्या लोकांच्या तिकिटावर मंडळी जगायची, त्यांच्याच परिचयाची भाषा त्यांनी नृत्याला दिली.

पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, ते वारले. पुढारी गेला की मंडळी फुटते, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी काम पुढे नेले, ‘पंचतंत्र’ रंगभूमीवर आले, ‘रामायण’ परदेशांतही गाजले. 1964 साली मंडळी ग्वाल्हेरला गेली आणि पुढे भोपाळला स्थिरावली. 2010 मध्ये गुल बर्धन यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी त्या निवर्तल्या. तोवर जत्रेतल्या त्या बाहुल्या नाचतच होत्या. मुंबईने त्यांना आपल्याजवळ का ठेवून घेतले नाही, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.