पंथाचा पथ कसा झाला

निवृत्तीनंतर आम्ही आमची जुनी टंकलिखित टिपणं संगणकात घालायला बसलो. पिवळ्या पडलेल्या कार्बन-प्रती होत्या त्या. एका विद्यार्थ्यानं इमेजमॅजिक शिकवलं. त्यात बटणं दाबायची नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची: कन्व्हर्ट, फाईलचं नाव, थ्रेशोल्ड ५० टक्के, कॉम्प्रेस ग्रुप ४. ३०० डीपीआयचं रंगीत ए-फोर पान म्हणजे ८७ लाख ठिपके, एरवी सुमारे २६ एमबी. ते काही दहा केबींत मावलं. आम्ही खूश! मग वाचायला घेतलं, तर 'पंथ'चा 'पथ' झालेला. अनुस्वार गायब.

आम्ही कॉम्प्रेशनला दोष दिला. तो चुकीचा होता.

ग्रुप ४ हे फॅक्सच्या घराण्यातलं नाव. १९८० साली ग्रुप ३ हे मानक ठरलं. त्यात एका ओळीत १७२८ ठिपके. प्रत्येक ठिपका न पाठवता 'इतके पांढरे, मग इतके काळे' एवढंच कळवायचं, आणि नेहमी येणाऱ्या लांबीला आखूड संकेत द्यायचा. ही युक्ती हफमनची, १९५२ची. सलग दोन किंवा तीन काळे ठिपके, म्हणजे साधारण अक्षराच्या रेघेची जाडी. त्यांना सर्वांत आखूड, दोन बिटांचे संकेत मिळाले. पारख करायला आठ नमुना-कागद होते: इंग्रजी, फ्रेंच, एक जपानीसुद्धा. देवनागरी नाही. आपल्या शिरोरेषेची लांबच लांब काळी धाव तिथं कुणाच्या हिशेबात असणार?

१९८४च्या ग्रुप ४नं ही अडचण नकळत सोडवली. तो वरच्या ओळीपेक्षा काय बदललं तेवढंच लिहितो, त्यामुळे सरळ शिरोरेषा स्वस्तात जाते. शिवाय दिलेला ठिपकान्‌ठिपका तो परत देतो. मग अनुस्वार गेला कुठं? आधीच, थ्रेशोल्डवर. करड्या ठिपक्याला तिथं विचारतात: काळा की पांढरा? मधलं उत्तर चालत नाही. तर्कशास्त्र शिकवताना हा नियम आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. तो आपल्याच कागदावर असा उलटेल असं वाटलं नव्हतं. ५०चे ७० टक्के केले तेव्हा अनुस्वार परतले, पण सोबत चहाचे डागही आले. प्रत्येक ठिपका त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहणारी पद्धत त्यातल्या त्यात बरी.

पुढं २०००च्या सुमारास जेबिग-२ आलं. त्याच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकार एकदाच साठवतात आणि सगळीकडे तोच छाप मारतात. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला झेरॉक्स कंपनीच्या यंत्रातून निघालेल्या घराच्या नकाशात एक खोली २१.११ऐवजी १४.१३ चौरस मीटर झालेली दिसली. आकडा स्वच्छ, ठसठशीत. कंपनीला नंतर सुधारित सॉफ्टवेअर द्यावं लागलं. लायब्निझ म्हणे, ज्यांच्यात काहीच फरक नाही त्या दोन वस्तू नसून एकच वस्तू. यंत्रानं आपल्याला फरक दिसला नाही एवढ्यावरच दोघांना एक ठरवलं. यंत्रच कशाला, आपणही माणसांच्या बाबतीत हेच करतो, पण ते राहू द्या.

आता आम्ही करड्या मूळ प्रती जपून ठेवतो आणि काळ्या-पांढऱ्या फक्त वाचायला वापरतो. मात्र पहिला गठ्ठा स्कॅन होताच रद्दीत दिला होता. त्यातल्या पानांवर जागोजागी 'पथ' आहे. कुठला आम्ही लिहिलेला आणि कुठला थ्रेशोल्डनं केलेला, ते आता आम्हालाही ओळखता येत नाही.