आरोग्यविमा : खर्चिक उपचारांची ग्राह्याग्राह्यता

खाजगी विमा कंपनीने एखादी खर्चिक शस्त्रक्रिया, औषध वा उपचारपद्धती विमासंरक्षणास पात्र मानावी की नाही, हे ठरविण्याची पद्धती. या निर्णयाचा पाया विमापत्र हा करार असला, तरी वैद्यकातील नवनवीन उपचारांची नामनिशीवार यादी कोणत्याही करारात आगाऊ देता येत नाही. म्हणून कंपनी ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ उपचारांची जबाबदारी स्वीकारते, ‘प्रायोगिक’ उपचारांची नाकारते, आणि बहुतेक तंटे या दोन संज्ञांच्या व्याप्तीवरून उद्भवतात.

निकष : अमेरिकेत ब्लू क्रॉस ब्लू शील्ड असोसिएशनने १९८५ मध्ये स्थापिलेल्या तंत्रमूल्यमापन केंद्राने पाच कसोट्या प्रचारात आणल्या : उपचारास आवश्यक ती शासकीय मंजुरी मिळालेली असावी, त्याच्या परिणामांविषयी निष्कर्ष काढता येईल इतका शास्त्रीय पुरावा असावा, अपायांची वजावट करूनही रुग्णाचे हित साधावे, प्रस्थापित पर्यायांपेक्षा तो उणा नसावा, आणि संशोधनाच्या चौकटीबाहेर, नित्याच्या व्यवहारातही तोच लाभ मिळावा. या कसोट्यांत किमतीचा उल्लेख नाही. तथापि पूर्वमंजुरीची अट, स्वस्त औषध निरुपयोगी ठरल्याचा दाखला, औषधयादीतील श्रेणीनुसार वाढणारा रुग्णाचा हिस्सा, अशा मार्गांनी किमतीचा विचार निर्णयात शिरतोच. इंग्लंडमधील ‘नाइस’ ही १९९९ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था मात्र लाभ व खर्च यांचे प्रमाण उघडपणे मांडून शिफारस करते.

इतिहास : या प्रश्नाचे गांभीर्य अमेरिकेतील एका प्रकरणावरून ध्यानी येते. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगावर रसायनोपचाराची अतितीव्र मात्रा द्यावी आणि तीमुळे नष्ट होणारी अस्थिमज्जा रुग्णाच्याच, आधी काढून ठेवलेल्या मज्जेने भरून काढावी, ही एक लाख डॉलरांहून अधिक खर्चाची पद्धती १९९० च्या सुमारास आशादायक वाटू लागली. परंतु तुलनात्मक चाचण्यांचा भक्कम पुरावा नसल्याने अनेक कंपन्यांनी तिला प्रायोगिक ठरविले आणि रुग्णांना न्यायालयात दाद मागावी लागली. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने, असा नकार मिळालेल्या व पुढे निधन पावलेल्या एका महिलेच्या प्रकरणात, हेल्थ नेट कंपनीविरुद्ध सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरांचा निवाडा दिला. त्यानंतर बऱ्याच कंपन्या मंजुरी देऊ लागल्या, काही राज्यांनी ती सक्तीची केली, आणि उपचार चाचणीबाहेरच सुलभ झाल्याने चाचण्यांना रुग्ण मिळणे दुरापास्त होऊन निर्णायक पुरावा लांबणीवर पडला. अखेर १९९९ मध्ये जाहीर झालेल्या पाच चाचण्यांपैकी चारांत नेहमीच्या उपचाराहून अधिक लाभ आढळला नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतील अनुकूल चाचणी, २००० मध्ये तपासणीअंती अप्रामाणिक ठरली. तोपर्यंत हजारो स्त्रियांनी त्या उपचाराच्या यातना सोसल्या होत्या. कंपन्यांनी धरलेला पुराव्याचा आग्रह योग्य होता. परंतु नकार देणाऱ्याचाच नकारात आर्थिक लाभ असल्याने तो आग्रह कोणाला प्रामाणिक वाटला नाही. पुढे २०१० च्या अमेरिकी आरोग्यसेवा कायद्याने नाकारलेल्या दाव्याची कंपनीबाहेरील स्वतंत्र परीक्षकाकडून फेरतपासणी करून घेण्याचा हक्क व्यापक केला.

भारतातील स्थिती : भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया, मुखावाटे घ्यावयाची कर्करोगाची औषधे, प्रतिकारशक्त्याधारित उपचार आदी बारा आधुनिक पद्धती सरसकट वगळण्यास मनाई केली, तथापि त्यांवर रकमेची उपमर्यादा घालण्याची मुभा ठेवली, त्यामुळे मंजूर दाव्यातही मोठा भार रुग्णावर पडू शकतो. प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा-पुनरावलोकन समितीच्या संमतीवाचून दावा फेटाळता येत नाही. कंपनीच्या उत्तराने समाधान न झाल्यास विमाधारकास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

मूल्यमापन : सर्व विमेदारांच्या हप्त्यांतून साठलेल्या निधीवर प्रत्येकाचा हक्क असल्याने निष्फळ उपचारास नकार देणे हे अन्यायाचे नव्हे, पण तो नकार पुराव्यावर आधारलेला असावा, त्याची कारणे रुग्णाला समजतील अशा भाषेत लेखी मिळावीत, आणि ज्याचा त्यात आर्थिक स्वार्थ नाही अशा जाणकाराकडून ती आजाराची वेळ टळण्यापूर्वी तपासली जावीत, एवढी हमी प्रत्येक विमेदारास मिळालीच पाहिजे.