ग्राहक समाज कसा घडला? रोखीच्या दुकानापासून ईएमआयपर्यंत

गरज नसताना वस्तू घेण्याची सवय ऑनलाइन सेलने लावली, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात, लागेल ते बाजारातून विकत घेणारा आणि वस्तूंवरून प्रतिष्ठा मोजणारा समाज गेल्या तीन-साडेतीनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडला. त्याची मुळे एकाच देशात नाहीत.

एकच भाव

१६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी यांनी जपानमधील एदो (आजचे टोकियो) येथे ‘एचिगोया’ हे कापडाचे दुकान काढले. तोवर बडे व्यापारी श्रीमंतांच्या घरी माल नेऊन उधारीवर विकत आणि उधारीचा धोका धरून भाव चढा लावत. एचिगोयाने रोखीचा व्यवहार आणि सर्वांना एकच भाव ठेवला. हवे तेवढेच कापड कापून मिळू लागल्याने साधे गिऱ्हाईकही दुकानात आले. हेच दुकान पुढे ‘मित्सुकोशी’ डिपार्टमेंट स्टोअर झाले.

परदेशी मालाची ओढ

इंग्लंडमध्ये भारतातील रंगीत छापील सुती कापडाची इतकी चलती झाली की, तिथल्या लोकर आणि रेशीम विणकरांच्या दबावामुळे १७०० आणि १७२१ मध्ये त्याविरुद्ध कायदे करावे लागले. चहा आणि साखर हळूहळू सामान्य घरांत पोहोचली. ही साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमातून येत होती. ते उघड होताच १७९१ पासून अनेक ब्रिटिश कुटुंबांनी ती घेणे थांबवले. खरेदी नाकारणे हेही हत्यार आहे, हे तेव्हा दिसले. १९०५ मध्ये पुण्यात झालेली विदेशी कपड्यांची होळी याच हत्याराचे स्वदेशी रूप होते.

आधी वस्तू, मग पैसे

अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५० च्या दशकात शिलाई मशीन हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने मोटारींसाठी कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढली. पैसे साठवून वस्तू घेण्याचा क्रम उलटला. १९५० च्या दशकात जपानमध्ये टीव्ही, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांना राजघराण्याच्या तीन पवित्र चिन्हांवरून ‘तीन पवित्र ठेवी’ म्हटले जाऊ लागले.

भारतातला वेगळा क्रम

भारतात बाजार खुला होण्याआधीच ग्राहक संघटित होऊ लागला होता. टंचाई आणि भेसळीच्या काळात, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणाऱ्या देशात १९९१ च्या उदारीकरणानंतर वस्तूंची रेलचेल झाली.

आजच्या ॲपवर एकच छापील भाव, दूरचा माल आणि हप्ता हे तिन्ही एका बटणात आले आहेत. मालामागची मजुरी आणि हप्त्यातले व्याज मात्र त्या बटणावर दिसत नाही. ते विचारणे हाही ग्राहकाच्या इतिहासाचाच भाग आहे.