पेशीजालातील तांब्याचा शोध : मुखरोग-संशोधनाच्या इतिहासातील एक प्रकरण

सुपारीची सवय असलेल्या काही जणांच्या गालाचे अस्तर पांढरट व ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदविला. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्यास ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. परळच्या कॅन्सर संशोधन संस्थेतील डॉ. सत्यवती सिरसाट यांनी डॅनिश शास्त्रज्ञ पिंडबोर्ग यांच्यासह १९६६ मध्ये त्याचा विस्तृत आढावा घेतला. सूक्ष्मदर्शकातून कोलॅजेनचे तंतू दाट झालेले दिसत. ते का दाटतात, हे मात्र नुसत्या पाहण्याने कळण्यासारखे नव्हते.

त्याला उपयोगी पडलेले साधन भौतिकशास्त्राकडून आले. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडते. कास्टँ यांनी १९५१ मध्ये पॅरिसला यावर आधारित विश्लेषणाची पद्धत मांडली. १९५६ मध्ये केंब्रिजच्या कॉसलेट व डंकम्ब यांनी झोत नमुन्यावरून ओळीने फिरविला, बुऱ्हाणपूरच्या मागावर धोटा फिरावा तसा, आणि मूलद्रव्याचा नकाशाच उमटविला.

सुपारीत तांबे बरेच असते. सुपारीच्या बागांत बुरशी रोखण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातही मोरचूद असतो. कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावाचून चालत नाही. मग ते तांबे गालात मुरते काय? लंडनच्या संशोधकांनी, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील डॉ. हजारे यांच्या सहभागाने, २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्ष-किरण विश्लेषणाने रुग्णांच्या ऊतीत तांबे असल्याची पुष्टी केली. अर्थात तांबे सापडले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे.

येथे एक सापळा आहे, वर्गात सांगण्याजोगा. पातळ काप ठेवण्याची नेहमीची जाळी तांब्याचीच असते. ती बदलली नाही तर यंत्र जाळीचेच तांबे इमानदारीने दाखवते! शिवाय रासायनिक द्रावणात ऊती टिकवताना सोडियम-पोटॅशियमसारखे विद्राव्य आयन वाहून जातात, म्हणून त्यांच्यासाठी नमुना झटकन गोठवावा लागतो.

गुटख्यावर २०१२ मध्ये प्रथम मध्य प्रदेशाने व त्याच वर्षी महाराष्ट्राने बंदी घातली. त्यानंतर सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकली जाऊ लागली. तांबे त्यातल्या सुपारीच्या पुडीत आहेच.