लवकर निवृत्ती आणि घराचा हिशेब

वयाच्या ५८ किंवा ६० वर्षांपर्यंत न थांबता पंचेचाळिशीतच नोकरीचा निरोप घ्यायचा आणि साठविलेल्या गंगाजळीवर उर्वरित आयुष्य काटकसरीने काढायचे, हा विचार मराठी मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेला नाही. अमेरिकेत विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या १९९२ मधील ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ या पुस्तकाने या विचाराचा मोठा प्रसार केला. मुंबई-पुण्यातील नोकरदाराने हा मार्ग धरला की पहिलाच अडसर उभा राहतो तो घराचा. मिळकतीतील निम्मी रक्कम शिल्लक टाकणाऱ्या कुटुंबाचे गणित उपाहारगृहाच्या बिलाने फारसे बिघडत नाही. ते बिघडते किंवा सावरते ते घराबाबतच्या एका निर्णयाने.

निवृत्तीसाठी किती रक्कम पुरेशी, याचे सर्वाधिक उद्धृत होणारे उत्तर अमेरिकी वित्तनियोजक विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये दिले. पहिल्या वर्षी गंगाजळीच्या ४ टक्के रक्कम काढावी, पुढे दरवर्षी ती महागाईनुसार वाढवावी, असे त्यांचे सूत्र होते. म्हणजेच वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट रक्कम हाती हवी. मात्र हे सूत्र अमेरिकेतील शेअर व रोख्यांच्या आकडेवारीवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेले आहे. पंचेचाळीसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्यास चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सोय पाहावी लागते, आणि भारतातील महागाईचा वेगही निराळा आहे. त्यामुळे ३ टक्के, म्हणजे वार्षिक खर्चाच्या सुमारे तेहतीस पट, हे प्रमाण धरणे अधिक सावधपणाचे ठरते.

या प्रमाणाने घराकडे पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. पुण्याच्या उपनगरात ९० लाख रुपये किमतीची सदनिका दरमहा २२ हजार रुपये भाड्याने मिळते, असे समजू. भाड्याचे किमतीशी प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास येते; मोठ्या शहरांत ते साधारणतः एवढेच किंवा याहून कमी असते. वर्षाचे भाडे २ लाख ६४ हजार. त्याच्या तेहतीस पट म्हणजे ८७ लाखांहून थोडे अधिक. याचा अर्थ असा की आजन्म भाडे भरण्यासाठी लागणारी गंगाजळी आणि त्याच घराची किंमत जवळजवळ सारखीच येते. ‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य या हिशेबात टिकत नाही. ‘घर घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार’ हे दुसऱ्या टोकाचे विधानही तसे टिकत नाही.

फरक पडतो तो किमतीखेरीजच्या खर्चांनी. पुण्यात खरेदीखतावर ७ टक्के आणि मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क द्यावे लागते. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्क्याची सवलत आहे. नोंदणी शुल्क वेगळे. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विक्रीस आलेल्या घरावर तो लागत नाही. घर झाले तरी मालकाचा खर्च थांबत नाही. मालमत्ता कर, सोसायटीची देखभाल वर्गणी, आणि आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी व पाव टक्का सिंकिंग फंडासाठी. या साऱ्यांची बेरीज वर्षाला ६० हजार धरली, तरी तेहतीस पटीच्या न्यायाने त्यासाठी आणखी वीस लाखांची गंगाजळी हवी. म्हणजे ९० लाखांचे घर निवृत्ताला मुद्रांक शुल्कासह पडते सुमारे १ कोटी १६ लाखांना.

केवळ आकड्यांचा कौल घ्यायचा तर तो भाड्याच्या बाजूने जातो. पण लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. साठीनंतर, नोकरी नसताना, दर दोन-तीन वर्षांनी नवा मालक आणि नवी अनामत शोधण्याची उमेद किती जणांत उरते? या स्थैर्याची किंमत कोणत्याही सूत्रात बसत नाही. पंचवीस-तीस लाख अधिक मोजून ती विकत घेण्यात गैर काही नाही. फक्त आपण गुंतवणूक नव्हे, तर स्थैर्य विकत घेत आहोत, याची जाणीव हवी.

खरा धोका कर्जाच्या मुदतीत आहे. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३ हजार ४०० रुपये बसतो आणि एकूण व्याज ५४ लाखांवर जाते. तेच कर्ज दहा वर्षांत फेडायचे झाल्यास हप्ता ६२ हजार, व्याज मात्र साडेचोवीस लाखांच्या आत. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड करताना बँका दंड आकारू शकत नाहीत. दरवर्षी एक हप्ता जादा भरला, तरी वीस वर्षांचे कर्ज तीन-साडेतीन वर्षे आधी फिटते. पस्तीसाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज काढून पंचेचाळीसाव्या वर्षी निवृत्त होऊ पाहणारा मनुष्य वास्तविक दहा वर्षांचे कर्ज निवृत्तीत नेत असतो. शेअर बाजार कोसळलेला असताना हप्त्यासाठी म्युच्युअल फंडांची युनिटे विकावी लागली, तर गंगाजळीचे ते खिंडार पुढे सहसा भरून निघत नाही.

याच्या उलट चूकही काही कमी घातक नाही. कर्ज नकोच, म्हणून भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन, सोने मोडून घर मोकळे करायचे आणि निवृत्तीच्या दिवशी हाती घराच्या किल्लीखेरीज काहीच उरू नये, अशी उदाहरणे पुष्कळ. घराची एक खोली विकून भाजी आणता येत नाही. घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम मिळविण्याची ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजना २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली. पण तिच्यासाठी साठ वर्षे पूर्ण असावी लागतात. पंचेचाळीस ते साठ ही पंधरा वर्षे तिचा काहीही उपयोग नाही.

कर्ज घ्यायचेच असेल तर ते नोकरीत असताना घ्यावे लागते, ही साधी बाब अनेकांच्या लक्षात उशिरा येते. बँक पगारपत्रक पाहते. गंगाजळी कितीही मोठी असली, तरी नियमित उत्पन्न नसलेल्या चाळिशीतील अर्जदाराला गृहकर्ज मिळणे अवघड. करसवलतीच्या मोहाने मात्र कर्ज घेऊ नये. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही.

मुंबईतील घर विकून नाशिक, सातारा किंवा कोल्हापुरास स्थायिक होण्याचा मार्ग काटकसरी निवृत्ताला सर्वांत मानवतो. किमतीतील फरक थेट गंगाजळीत जातो आणि मासिक खर्चही उतरतो. विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफा कर आहे. विहित मुदतीत दुसरे राहते घर घेतल्यास त्यात गुंतविलेल्या नफ्यापुरती सूट मिळते. जुनी सदनिका घेताना जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. नव्या प्रकल्पात महारेरा नोंदणी तपासावी. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कोकणात आंब्याची चार कलमे आणि कौलारू घर, हे स्वप्न तर जाहिरातदारांनी पुरते ओळखले आहे. परंतु महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन खरेदी करता येत नाही. ‘फार्म हाउस प्लॉट’ म्हणून दाखविलेला तुकडा बिगरशेती झालेला आहे की नाही, हे सात-बारा उतारा आणि बिगरशेती आदेश स्वतः पाहूनच ठरवावे, आणि त्याच फेरीत सर्वांत जवळचे सुसज्ज रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, तेही मोजून घ्यावे.